हातच तर दिसतात!

नागपूरच्या महाल भागात ताईच्या शिलाईच्या खोलीत चार बायका मशीनवर बसतात. गेल्या महिन्यात एक माणूस कपाळावर बांधायचे कॅमेरे घेऊन आला. काम करताना लावा, तासाचे पैसे घ्या. यंत्रमानवांना हातांच्या हालचाली शिकवायच्या आहेत. तेव्हापासून घरच्या फोनवर हाच वाद. भाऊजी म्हणतात, "काहून नाही म्हणायचं? हातच तर दिसतात."

ताईने नमुन्याचा व्हिडिओ मला पाठवला. सुईखालून सरकणारं अस्तर, दातांनी तोडलेला दोरा. मग तिने मान वळवली आणि दिसली खाटेवर झोपलेली आई, पदर ढळलेला. भिंतीवर भाच्याच्या शाळेचं वेळापत्रक.

मी राहते त्या अमेरिकेतल्या पिट्सबर्गमध्ये २०११ साली कार्नेगी मेलन विद्यापीठ आणि डिस्ने रिसर्चच्या संशोधकांनी माणसाच्या अंगावर १६ किंवा जास्त कॅमेरे बांधून त्याची हालचाल टिपली. ते सगळे बाहेर बघणारे. हात हलला की कॅमेऱ्यापुढची भिंत, झाड, खिडकी सरकते. त्यावरून कॅमेरा कुठे होता ते काढायचं, आणि त्यावरून सांगाडा कसा वळला ते. स्टुडिओची गरज नाही, मैदानातही जमतं. एका मिनिटाच्या हालचालीचा हिशेब लावायला तेव्हा अख्खा दिवस लागे. म्हणजे शरीर टिपायला आधी भोवताल टिपावा लागतो. कपाळावरच्या पट्टीतही हात समोर दिसतात, पण डोकं कुठे वळलं हे भोवतालच्या खोलीवरून कळतं.

इथे एका प्रयोगासाठी मीही असा पट्टा बांधला होता. आधी कागद वाचून सही, मध्येच उठून जायची मोकळीक, व्हिडिओ पुसून घ्यायचा हक्क. इथली माणसं जास्त सज्जन आहेत म्हणून नव्हे. विद्यापीठात माणसांवरचा प्रयोग समितीच्या मंजुरीशिवाय होत नाही. ताईकडे आलेल्या माणसाजवळ कागदच नव्हता.

काही वर्षांपूर्वी नागपुरात महापालिकेने सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएसची घड्याळं बांधली. त्यांनी विरोध केला, आमच्या घरात कोणी चकार शब्द काढला नाही. मीही नाही. त्याचं आज वाईट वाटतं.

कॅमेरा नकोच, असं मी म्हणत नाही. पैशाची गरज खरी आहे. पण वीस वर्षं मशीनवर बसून बसलेला हात आहे तो. तासाच्या पैशात कायमचा देऊन टाकायचा? व्हिडिओ कोणाकडे राहणार, किती दिवस, आणि आईला कोणी विचारलं?

ताईने त्या माणसाकडे मराठीत लिहिलेला कागद मागितला आहे. रविवारी आणतो म्हणाला. तोवर पट्ट्या कपाटात आहेत.