बैल रंगवण्यापूर्वी सभासदांनी घ्यावयाची काळजी

सोसायटीच्या दारात फायबरचा बैल उभा करून तो सगळ्यांनी मिळून रंगवायचा, हा ठराव पाच मिनिटांत मंजूर होतो, कारण पुढे पार्किंगचा विषय असतो. मूळ खोड परदेशी. झ्युरिकने १९९८ मध्ये रस्तोरस्ती रंगीत गाई उभ्या केल्या, पुढच्याच वर्षी शिकागोने. २००७ मध्ये रॉटरडॅमने हत्ती काढले. आपल्याकडे पोळ्याला बैल रंगतोच, पण तो रंगवताना हलतो, त्यामुळे त्याच्या अंगावर शनिवारवाडा काढायची कुणाला बुद्धी होत नाही. फायबरचा हलत नाही. घात तिथेच होतो.

पहिला दिवस धुण्याचा. साच्यातून सुटावा म्हणून लावलेलं मेण बैलाच्या अंगावर राहतं. त्यावरचा रंग पापडासारखा सुटतो. म्हणून आधी साबणाचं पाणी, मग थिनरचा बोळा, मग १८० नंबरचा आणि शेवटी ३२० चा वॉटरपेपर, चमक पूर्ण जाईपर्यंत. घासायचं म्हटलं की ब्रश घेऊन आलेल्या कलावंतांना घरी पाहुणे आल्याचं आठवतं.

खड्ड्यांत भिंतीची पुट्टी भरू नका. कुणाच्या तरी माळ्यावर अर्धी पिशवी उरलेली असते आणि ती फुकट मिळते, हाच मोठा धोका. ती सिमेंटची, उन्हात फायबर फुगतं-आकसतं आणि ती तडकते. गाड्यांचे डेंट काढणारे वापरतात ती पुट्टी आणा. शंभर ग्रॅमला दोन ग्रॅम हार्डनर. ‘लवकर वाळेल’ म्हणून दुप्पट घातला, की पुट्टी कालवायच्या पत्र्यावरच दगड होते आणि तुम्ही पुन्हा बोहरी आळीत, हार्डवेअरच्या दुकानांत. नंतर इपॉक्सी प्रायमर, म्हणजे रंग धरून ठेवणारा पहिला हात, आणि रात्रभर हात लावायचा नाही. पुण्यात ही अट सगळ्यात अवघड, कारण वाळलाय का हे बोटाने पाहिल्याशिवाय कुणाचा विश्वास बसत नाही.

आता चित्र. कागदावरचा शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा फुगीर पोटावर चढवला की बुरूज गरोदर दिसतात. खडूने थेट बैलावरच काढा आणि दहा पावलं मागे जाऊन बघा. पोटाखालची बाजू आधी रंगवा. ती उताणं पडून करायची असते आणि शेवटी उताणं पडायला स्वयंसेवक मिळत नाहीत. पाच फुटी बैलाला बाहेरच्या भिंतींचा अ‍ॅक्रिलिक रंग, दोन पातळ हात, सगळे मिळून लिटर-दीड लिटर पुरतो. कमिटी वीस लिटरची बादली आणते. मग कंपाउंडही बैलाच्या रंगाचं होतं.

वरून टू-पॅक क्लिअर कोट, म्हणजे दोन डब्यांतलं मिसळून लावायचा पारदर्शक हात, हवाच, पण तो मेमध्ये उरका. दमट हवेत तो दुधाळ होतो. शिवाय त्यातलं थिनर मार्करची शाई विरघळवतं, म्हणजे अध्यक्षांची ठसठशीत सही शेपटीपर्यंत ओघळते. सही ब्रशनेच घ्या. अध्यक्षांना कारण सांगत बसू नका.

बैल आतून पोकळ, जोडांतून पाणी शिरतंच. तेव्हा पोटाच्या सगळ्यात खालच्या जागी दहा मिलिमीटरचं भोक पाडा. पाऊस लागला की पाणी तिथूनच निथळतं, बैलाने करावं तसं, आणि तेही येणाऱ्या-जाणाऱ्यांदेखत. त्यासाठी पाटी तयार ठेवा: ‘पाणी पावसाचे आहे. चौकशी करू नये.’