ओल्या मातीत उभं राहून फवारणीचं विष उतरत नाही

ऑक्टोबर छाटणी उरकली की निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षबागांत फवारणीची घाई सुरू होते, आणि नेमका तेव्हाच तो मेसेज ग्रुपवर पुन्हा फिरायला लागतो. मजकूर थोडक्यात असा: ‘माणसाच्या नसा म्हणजे विजेच्या तारा. मेंदूतून निघालेला करंट प्रकाशाच्या वेगाने अंगभर धावतो. औषध मारताना चक्कर आली, हातपाय थरथरले तर समजा करंट वाढला. ओल्या मातीत अनवाणी उभे राहा, अर्थिंग मिळेल. वर लिंबूपाणी प्या. अर्ध्या तासात माणूस पुन्हा पंप उचलतो.’

मी नाशिकला दहावीच्या मुलांना विज्ञान शिकवतो, घरची बाग निफाड तालुक्यात आहे. गेल्या हंगामात शेजारच्या बागेत पेठहून आलेल्या एका मजुराला याच मेसेजच्या भरवशावर अर्धा तास चिखलात उभं केलं. तो वाचला. पण प्रत्येकाच्या हाताशी तेवढा अर्धा तास नसतो.

आधी ती ‘तार’. तांब्याच्या तारेत इलेक्ट्रॉन तारेच्या लांबीतून सरकतात. नसेतल्या पेशीत, म्हणजे चेतापेशीत, तसं काही होत नाही. तिच्या पातळ पटलाच्या आत आणि बाहेर साधारण ७० मिलिव्होल्टचा फरक राखलेला असतो. संदेश आला की त्या जागी सोडियमचे आयन (विद्युतभार असलेले कण) आत घुसतात, मग पोटॅशियमचे बाहेर पडतात. लगेच शेजारच्या जागी तेच, मग त्याच्या पुढे तेच. हे गणित हॉजकिन आणि हक्सली या शास्त्रज्ञांनी माखलीच्या जातीतल्या एका समुद्री जीवाच्या जाड चेतातंतूवर १९५२ साली मांडलं. म्हणजे वीज आहे, पण ती पेशीच्या आत-बाहेरच्या फरकाची. पाय मातीला लागल्याने अंगावर साठलेला स्थिर विद्युतभार जमिनीत जातो हे खरंच. पटलाच्या दोन बाजूंचा फरक मात्र त्याने तसूभरही हलत नाही.

प्रकाशाच्या वेगाचं तर अंगठ्याला ठेच लागली की कळतं. आधी चटका बसतो, ठणका मागून येतो. दोन्ही संदेश वेगळ्या तंतूंतून येतात. सगळ्यात वेगवान तंतू सेकंदाला सुमारे १२० मीटर गाठतात, ठणका आणणारे सेकंदाला मीटर-दोन मीटर. प्रकाश तेवढ्यात ३ लाख किलोमीटर जातो.

खरी गफलत पुढे आहे, आणि तीच जिवावर बेतते. मेसेज गृहीत धरतो की ही तार मेंदूपासून बोटापर्यंत अखंड आहे. शंभरेक वर्षांपूर्वी मोठमोठ्या शास्त्रज्ञांनाही तसंच वाटायचं. गॉल्जी म्हणायचा सगळं एकच जाळं आहे, काहाल म्हणायचा प्रत्येक पेशी सुटी आहे. १९०६ साली दोघांना नोबेल मिळालं ते एकत्र, आणि बरोबर ठरला काहाल. काही पेशी थेट जोडलेल्या असतात, पण बहुतेक ठिकाणी दोन पेशींमध्ये फट असते, मेंदूत ती मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाच्या वीसेक पट.

फट ओलांडायची कशी? १९२१ साली ऑटो लोवी या शास्त्रज्ञाने बेडकाची दोन हृदयं द्रावणात धडधडत ठेवली. पहिल्याच्या चेतातंतूला विजेने चेतवलं, तसे त्याचे ठोके मंदावले. मग त्याच्याभोवतीचं द्रावण काढून दुसऱ्या हृदयावर सोडलं, तर तेही मंदावलं. दोघांत तार नव्हती, फक्त पाणी गेलं होतं. हा प्रयोग मी दरवर्षी वर्गात सांगतो आणि दरवर्षी मुलं क्षणभर गप्प होतात. त्या पाण्यात जे रसायन होतं ते अ‍ॅसिटिलकोलीन.

आपल्या स्नायूंना ‘आवळ’ म्हणून सांगणारं रसायनही हेच. सांगून झालं की ते लगेच पुसलं जावं लागतं. त्यासाठी फटीत एक विकर (एन्झाइम) असतं, त्याचा एक रेणू सेकंदाला अ‍ॅसिटिलकोलीनचे हजारो रेणू तोडतो. ऑरगॅनोफॉस्फेट गटातली कीटकनाशकं या विकरालाच जखडतात. (भुरी-डाऊनीची बुरशीनाशकं वेगळी, डब्यावरचं नाव वाचा.) मग अ‍ॅसिटिलकोलीन साचत जातं. लाळ, घाम, डोळ्यांना पाणी, बारीक झालेली बाहुली, छातीत घरघर, स्नायूंचं थरथरणं आणि शेवटी श्वास घेणाऱ्या स्नायूंची ताकदच जाणं, हे सगळं त्यातून येतं. यात करंट वाढल्याचा प्रश्नच नाही. निरोप पुसणारा हात बांधला गेला आहे, आणि तो मातीने सुटत नाही.

उलट नुकत्याच फवारलेल्या बागेतल्या ओल्या मातीत औषध असतं आणि ही विषं कातडीतून आत जातात. अनवाणी उभं करणं म्हणजे आणखी पाजणं. लिंबूपाण्याचंही तसंच: गुंगीत असलेल्या माणसाच्या ते श्वासनलिकेत जाऊ शकतं.

करायचं ते असं: माणसाला बागेबाहेर मोकळ्या हवेत आणा, हातमोजे घालून त्याचे भिजलेले कपडे काढा, अंग साबण-पाण्याने धुवा, १०८ ला फोन करा, औषधाचा डबा सोबत न्या. दवाखान्यात अ‍ॅट्रोपिन देतात, ते साचलेल्या अ‍ॅसिटिलकोलीनची लाळ, घरघर, मंद ठोके ही कामं अडवतं. दुसरं औषध विकराला सोडवू पाहतं, पण वेळ गेला की पकड पक्की होते आणि मग ते सोडवता येत नाही. अ‍ॅट्रोपिन धोतऱ्यातही असतं, हे ऐकून कोणी धोतरा वाटून देऊ नये. एका झाडात किती आणि दुसऱ्यात किती याचा मेळ नसतो, आणि धोतऱ्यानेही माणूस मरतो.

राहिलं ते ‘अर्ध्या तासात पुन्हा पंप’. जखडलेलं विकर शरीराला नव्याने बनवावं लागतं, त्याला आठवडे लागतात, कधी महिनेही. तोवर थोडंसं औषधही पहिल्यापेक्षा जास्त बाधतं. शेजारचा तो मजूर आठवडाभरात परत आला, तेव्हा त्याला फवारणीऐवजी काड्या बांधायला लावलं.