कर मी भरलाय, आता आणखी किती वेळा भरू?

गेल्या गुरुवारी दुपारी वर्कशॉपात व्हीएमसी मशीनवर नवीन फिक्स्चर लावत होतो, तेवढ्यात सीएचा फोन आला. माझ्या मुलीच्या वयाची आहे, मला काका म्हणते. "काका, पोर्टलवर डीआरसी-०१ आलीय. हातातलं काम आटपलं की जरा ऑफिसात बसून फोन करा." डीआरसी-०१ म्हणजे जीएसटी खात्याची कर मागणारी नोटीस. आवाजावरूनच कळलं की रक्कम मोठी आहे.

चार वर्षांपूर्वी एका व्यापाऱ्याकडून आम्ही ईएन-८ पोलादाचे ब्राइट बार घेतले होते. सहा बिलं, मिळून दहा लाख वीस हजारांचा माल. त्यावरचा १८ टक्के जीएसटी, म्हणजे १ लाख ८३ हजार ६०० रुपये, मी मालाच्या पैशांबरोबरच आरटीजीएसने त्याला दिला. माल वाहतुकीची ई-वे बिलं आहेत, वजनकाट्याच्या पावत्या आहेत, गाड्यांचे नंबर आहेत. त्या बारांचे शाफ्ट करून मी पुढे विकले, त्यावरचा माझा कर भरला, त्याचीही रिटर्न्स आहेत. आता कळतंय की त्या माणसाने बिलं पोर्टलवर चढवली, पण माझ्याकडून घेतलेला कर सरकारात जमा केलाच नाही. त्याची नोंदणी रद्द झाली, तीही मागच्या तारखेपासून. आणि नोटीस मला आली.

जीएसटी कायद्याचं कलम १६(२)(सी) असं आहे की विकणाऱ्याने कर खरोखर सरकारात भरला असेल तरच घेणाऱ्याला क्रेडिट, म्हणजे खरेदीवर दिलेला कर आपल्या करातून वजा करायची मुभा, मिळायचं. म्हणून तेच १ लाख ८३ हजार ६०० मी पुन्हा भरायचे, त्यावर वर्षाला १८ टक्क्यांनी व्याज, वर दहा टक्के दंड. हिशेब सव्वातीन लाखांच्या पुढे जातो. अठरा माणसांच्या वर्कशॉपला ही रक्कम किती लागते, हे ज्यांनी महिन्याच्या सात तारखेला पगार वाटलेत त्यांना सांगायला नको.

मी माल घेतला तेव्हा त्या माणसाचा जीएसटी नंबर पोर्टलवर चालू दिसत होता. तो नंबर त्याला सरकारनेच दिला होता. त्याचं बँक खातं गोठवायचा अधिकार सरकारला आहे, त्याच्या घरी जायचा आहे, गरज पडली तर अटकेचाही आहे. माझ्याकडे त्याचा एक मोबाइल नंबर आहे, तो लागत नाही. तरी त्याला हुडकायची जबाबदारी माझी! कलकत्ता उच्च न्यायालयाने २०२३ साली एका प्रकरणात सांगितलंय की आधी विकणाऱ्याकडून वसुलीचा प्रयत्न करा, मगच घेणाऱ्याकडे या. सीएने तो निकाल उत्तराला जोडलाय. पण प्रत्येक लेथवाल्याने उच्च न्यायालयाचे निकाल गोळा करत बसायचं का?

मी उजव्या विचाराचा माणूस आहे, हे इथले मित्र जाणतात. देश आधी, कुटुंब आधी, कष्टाची कमाई ज्याची त्याच्याकडे, आणि सरकारने मोजकी कामं करावीत पण ती चोख करावीत, असं मी मानतो. कर चुकवणारा माझ्या लेखी चोरच. माझी मागणी एवढीच आहे की जो भरतो त्याला सरकारने प्रामाणिक धरून चालावं आणि तो लबाड आहे असं वाटलं तर ते सिद्ध करण्याचं काम सरकारने करावं. आज सगळं उलटं आहे.

माझ्या वडिलांनी, आबांनी, कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका जुन्या लेथवर सुरुवात केली. तेव्हा ऑइल इंजिनचे पार्ट म्हणजे उद्यमनगर असं समीकरण होतं. आबा सांगायचे, कामाची कमी नव्हती, कारागिरांची नव्हती, गिऱ्हाईक तर दारात उभं असायचं. कमी असायची ती पिग आयर्नची, म्हणजे ओतकामाच्या कच्च्या लोखंडाची. फौंड्रीवाल्याला कोटा असायचा, कोट्याला अर्ज, अर्जाला शिफारस, शिफारशीसाठी चकरा. कोटा आला नाही की भट्टी बंद, भट्टी बंद की आबांचा लेथ बंद. हात शाबूत असलेला माणूस बाकड्यावर बसून राहायचा, कारण दूर कुठेतरी एका टेबलावर एक कागद अडकलेला असायचा. राजाजींनी १९५९ साली स्वतंत्र पक्ष काढला आणि या कारभाराला लायसन्स-परमिट राज म्हटलं, तेव्हा त्यांना श्रीमंतांचे वकील ठरवलं गेलं. उद्यमनगरातल्या बाकड्यांवर बसलेले कोण श्रीमंत होते?

त्याच काळात, १९७३-७४ साली, आयकराचा सर्वांत वरचा दर अधिभारासकट ९७.७५ टक्के होता. शंभरातले सव्वादोन रुपये कमावणाऱ्याला. अर्थमंत्री आपले यशवंतराव चव्हाण. यशवंतरावांबद्दल मला मनापासून आदर आहे, आणि म्हणून हेही सांगतो की १९७४च्या अर्थसंकल्पात तो दर एकदम ७७ वर त्यांनीच आणला. एवढा दर लावून तिजोरी भरत नाही, लोक चोपडी दोन ठेवायला शिकतात, हे काळ्या पैशावरच्या वांछू समितीने सांगितलं होतं आणि त्यांनी ते ऐकलं. चूक दिसल्यावर धोरण फिरवणारा मंत्री मला पहिल्यापासून बरोबर असल्याचा आव आणणाऱ्यापेक्षा कधीही जवळचा वाटतो.

खरा सुटकेचा दिवस मात्र २४ जुलै १९९१. दुपारी नवं औद्योगिक धोरण सभागृहात ठेवलं, संध्याकाळी डॉ. मनमोहन सिंगांचा अर्थसंकल्प. अठरा उद्योग सोडून बाकी सगळ्यांचं लायसन्स गेलं. उद्योग खातं पंतप्रधान नरसिंह रावांनी स्वतःकडे ठेवलं होतं. आपल्या रामटेकमधून दोनदा निवडून गेलेला हा माणूस. पाठीशी बहुमत नाही, तिजोरीत परकीय चलन नाही, स्वतःच्याच पक्षात विरोध, आणि त्याने चाळीस वर्षं बसवलेली घडी मोडली. मी काँग्रेसला आयुष्यात मत दिलेलं नाही, पण राष्ट्रीय नेतृत्व म्हणजे काय असं कुणी विचारलं तर मी आधी रावांचं नाव घेतो. पुढच्या वर्षी लोखंडावरचं नियंत्रण उठलं. आबा म्हणाले होते, "आता फक्त काम करायचं." हे वाक्य माझ्या कानात अजून आहे.

दुसरं नाव अटलजींचं. कोल्हापूरजवळच्या शिरोलीतून बाहेर पडलं की समोर जो महामार्ग आहे, तो सुवर्ण चतुष्कोनाच्या मुंबई-चेन्नई बाजूचा. त्यासाठी पेट्रोल-डिझेलवर लिटरमागे एक रुपया घेतला गेला. मी तो रुपया कुरकुर न करता दिला, कारण काही वर्षांत माझा माल त्याच रस्त्याने पुण्याला जायला लागला. पैसा कुठे गेला ते डोळ्यांना दिसत होतं. वित्तीय शिस्तीचा एफआरबीएम कायदाही त्यांच्याच काळातला, २००३चा. उधारी करून वाहवा मिळवू नये, असं स्वतःच्या सरकारला कायद्याने बांधून घेणं सोपं नसतं.

याच्या शेजारी आपला व्यवसाय कर ठेवून बघा. १९७५ साली रोजगार हमीसाठी पैसा हवा म्हणून महाराष्ट्राने तो सुरू केला. दुष्काळ भोगलेल्या माणसाच्या हाताला काम मिळावं म्हणून लावलेला कर, हेतूला नाव ठेवायला जागा नाही. आज पन्नास वर्षं झाली. माझ्या मिस्त्रीच्या पगारातून महिन्याला दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे अजून कापले जातात, वर्षाचे अडीच हजार. कशासाठी कापतात असं त्याने विचारलं तर मला नीट सांगता येत नाही. आणि हे कापून घ्यायची नोंदणी वेगळी, रिटर्न वेगळं, उशीर झाला तर दंडही वेगळा.

जकातीचं तसंच. शिरोली नाक्यावर टेम्पोच्या रांगा मी लहानपणापासून पाहिल्या. जकात गेली तर एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, आला, त्याविरुद्ध २०१३ साली राज्यभर दुकानं बंद ठेवून व्यापारी रस्त्यावर आले, त्या मोर्चात मीही होतो. १ ऑगस्ट २०१५ला पन्नास कोटींच्या आतल्या उलाढालीवरचा एलबीटी गेला तेव्हा आम्ही पेढे वाटले. १ जुलै २०१७ला जीएसटी आला तेव्हा मी त्याची बाजू घेऊन भांडलो आहे आणि आजही घेतो. नाके गेले, सतरा कर एकात आले, गाडी बेळगावला न थांबता जाते. २०२५च्या २२ सप्टेंबरला १२ आणि २८चे टप्पे काढले, तेही योग्यच झालं. मागच्या तारखेने कर लावायचा २०१२चा अन्याय २०२१ साली दूर केला, जनविश्वास कायद्याने १८३ कलमांमधली गुन्हेगारी वागणूक काढली, बारा लाखांपर्यंत आयकर माफ केला. २०१४पासून मी ज्यांना मत दिलं त्यांनी हे केलं आणि त्याचा मला अभिमान आहे.

अभिमान आहे म्हणूनच त्यांना विचारायचा हक्कही माझा आहे. ८ डिसेंबर २०२३ला कांद्याची निर्यात बंद केली. माझे साडू निफाड तालुक्यात कांदा करतात. मे महिन्यात बंदी उठली ती ४० टक्के निर्यात शुल्क लावून, आणि शुल्क पूर्ण गेलं १ एप्रिल २०२५ला. शहरात भाव वाढला की शेतकऱ्याचा हात धरायचा, आणि भाव पडला की बाजार आपला आपण बघेल म्हणायचं, हे शेतकरी नेते शरद जोशी आयुष्यभर सांगत राहिले. साठ-सत्तर सालच्या सरकारांनी केलं तर समाजवाद आणि आपल्यांनी केलं तर नाइलाज, असं मला म्हणता येणार नाही.

लाडक्या बहिणीबद्दल लिहिलं की लोक चिडतात, पण लिहितो. आमच्याकडे पॅकिंगला येणाऱ्या दोन बायकांना महिन्याला दीड हजार मिळतात. एकीने त्यातून मुलाची शाळेची फी भरली. ते पैसे तिच्या हातात गेले याचं मला वाईट वाटत नाही. पण पहिल्या वर्षाला ४६ हजार कोटींची तरतूद ज्या योजनेसाठी करावी लागते, ती निवडणुकीच्या तोंडावर सुरू होते आणि विरोधक तिला विरोध करण्याऐवजी तीन हजारांची बोली लावतात, तेव्हा हा पैसा कुणाच्या कमाईतून येणार हे बोलणारा एकही पक्ष उरत नाही. वसुलीचं लक्ष्य वाढतं, आणि लक्ष्य पुरं करायला सगळ्यांत सोपा कोण? ज्याचा पत्ता पक्का आहे, जो दर महिन्याला रिटर्न भरतो आणि ज्याचा फोन लागतो.

तोच माणूस वाढवायलाही घाबरतो. दहा माणसं झाली की ईएसआय म्हणजे कामगार विमा, वीस झाली की पीएफ. पीएफ कामगाराचा हक्क आहे, तो मिळायलाच हवा. पण विसावा माणूस आला की नुसतं माणसाचं काम वाढत नाही, रजिस्टरं, तपासण्या, सल्लागाराची फी सगळं वाढतं. माझ्या ओळखीत एकोणीसवर थांबलेली सहा-सात वर्कशॉप आहेत. दुसऱ्या पाळीला काम आहे, पोरं आयटीआय करून दारात येतात, आणि मालक त्यांना पुढच्या महिन्यात बघू म्हणतो. मीसुद्धा म्हटलंय, आणि घरी गेल्यावर जेवण गेलं नाही.

रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र आम्हा कोल्हापूरकरांचं घरचं धन. पन्हाळ्याच्या गादीसाठी लिहिलेलं. त्यात एक वाक्य आहे: "साहुकार म्हणजे राज्याची व राजश्रीची शोभा." पेठा वसवा, बाहेरच्या व्यापाऱ्यालाही आणा, त्याचा मान राखा, असं ते सांगतात. आणि त्याच प्रकरणात टोपीकरांपासून, म्हणजे युरोपियन व्यापाऱ्यांपासून, सावध राहायला सांगतात, कारण ते व्यापाराच्या मिषाने राज्य बळकवायला आलेत. मला यात सगळं राज्यशास्त्र दिसतं. संशय कुणावर घ्यायचा आणि भरवसा कुणावर ठेवायचा हे ज्याला कळतं, तो राज्यकर्ता. आमच्या अमात्यांना तीनशे वर्षांपूर्वी ते कळत होतं.

माझ्या खासदारांना मी पत्र लिहिलंय. दोनच मागण्या आहेत. ज्याने बँकेतून पैसे दिले, ज्याच्याकडे ई-वे बिल आणि मालाचा पुरावा आहे, त्याचं क्रेडिट विकणाऱ्याच्या पापासाठी काढून घेऊ नका, कलम १६ तसं बदला. आणि मागच्या तारखेपासून नोंदणी रद्द केली तर त्याची झळ आधीच्या खरेदीदारांना लागणार नाही, असं स्पष्ट लिहा. आपल्या भागातल्या उद्योजकांनी आपापल्या लेटरहेडवर हेच पाठवावं, मसुदा हवा असेल तर मेसेज करा.

सुनावणी येत्या मंगळवारी आहे, सकाळी अकराला. काल रात्री बायको आणि मी जेवणाच्या टेबलावर सहा बिलं, सहा ई-वे बिलं, सहा काटा पावत्या आणि बँकेचे उतारे तारखेप्रमाणे लावले. एका पावतीवरची शाई उडालीय, ती काट्यावर जाऊन पुन्हा शिक्का मारून आणली. सीए म्हणाली, "काका, निकाल विरुद्ध गेला तर अपिलाला कराच्या दहा टक्के आधी भरावे लागतात. १८ हजार ३६० बाजूला ठेवा." ठेवलेत.