"पोट्टे नको, अनुभवी पाहिजे" म्हणे. कशाचा अनुभव, काका?

आधी फॅमिली ग्रुपवर, मग सोसायटीच्या, मग शाळेच्या बॅचच्या ग्रुपवर, एकच मेसेज तीन ठिकाणाहून आला. थोडक्यात असा: आजारी पडलो की अनुभवी डॉक्टर शोधता, मग शहर पोट्ट्यांच्या हातात काहून देता? 40 च्या आत कोणालाच निवडणुकीचं तिकीट देऊ नये, तरुण लोकं भावनेच्या भरात निर्णय घेतात, कोणीही त्यांना फिरवतं, आधी 10-15 वर्षं काम करा, घर चालवून दाखवा, मग या. खाली हात जोडलेले तीन इमोजी. मी 38 ची आहे, म्हणजे या हिशेबाने मीही अजून दोन वर्षं कच्चीच, तरी लिहिते.

डॉक्टरवालं आधी घेते कारण लोकांना तेच पटतं. शिकलेली, अनुभवी माणसं महापालिकेत असतातच ना, आयुक्त असतात, इंजिनियर असतात, अकाउंटवाले असतात, आरोग्य अधिकारी असतात. गडर लाइनचा (सांडपाण्याच्या पाइपाचा) उतार किती ठेवायचा हे नगरसेवकाने ठरवायचं नसतं, त्याने विचारायचं असतं की मागच्या बजेटमध्ये आमच्या लेआउटची लाइन होती ती गेली कुठे, आणि उत्तर मिळेपर्यंत झोन ऑफिसातून उठायचं नसतं. दवाखान्याचंच उदाहरण पाहिजे असेल तर नगरसेवक म्हणजे पेशंटचा नातेवाईक, फाइल काखेत मारून या खिडकीवरून त्या खिडकीवर जाणारा. आणि खरं सांगा, तुमच्या घरी कोणी ॲडमिट झालं की रात्री दोन वाजता औषधं आणायला कोणाला पाठवता?

आणि ज्यांना आपण "अनुभवी साहेब" म्हणतो त्यांचं वय कधी बघितलं का, यूपीएससीची परीक्षा 21 व्या वर्षी देता येते, तिशीच्या आसपासचे झेडपीचे सीईओ आपण बघतोच, अख्खा जिल्हा त्यांच्या सहीने चालतो आणि तेव्हा कोणी असा मेसेज फिरवत नाही. हो, त्यांना मसुरीला ट्रेनिंग मिळतं, नगरसेवकाला तेवढं कोण देतं. पण मग ट्रेनिंग मागा ना, 40 ची अट काय मागता.

आता नागपूरचं सांगते. अनुभवच सगळं असेल तर निवडणूक तरी कशाला पाहिजे, प्रशासकच ठेवा, आणि ते तर आपण करूनच बसलो. 2017 ला निवडून आलेल्या नगरसेवकांची मुदत मार्च 2022 मध्ये संपली, तिथून जानेवारी 2026 च्या निवडणुकीपर्यंत, म्हणजे जवळजवळ चार वर्षं, महापालिकेत निवडून आलेलं कोणीच नव्हतं, तरुण नाही, म्हातारं नाही, कोणीच नाही. सगळा कारभार अधिकाऱ्यांकडे. याच काळात 23 सप्टेंबर 2023 ची पहाट आली, अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला, नाग नदीच्या काठच्या वस्त्यांत अंधारात घराघरात पाणी शिरलं, माणसं गेली. अधिकारी होते, बचाव पथकं आली, त्यांच्यावर मी बोट ठेवत नाही. पण लोकांनी फोन कोणाला केले? माजी नगरसेवकांना! ज्यांच्याकडे ना पद ना अधिकार, पण नंबर सेव्ह होता आणि कोणत्या गल्लीत कोण म्हातारं एकटं राहतं हे त्यांना माहीत होतं. मी अनुभव म्हणते तो हा. तो गल्लीत राहून येतो, वयाने येत नाही, आणि त्याच गल्लीत लहानाची मोठी झालेली 26 वर्षांची पोरगी मला त्यात साठीतल्या कोणाहून कमी वाटत नाही.

40 ची अट. घटनेत नगरसेवक नि सरपंच व्हायला 21, आमदार-खासदार व्हायला 25, राज्यसभा नि विधान परिषदेला 30. ही अट चालवली असती तर बघा, देवेंद्र फडणवीस 1992 ला याच महापालिकेत नगरसेवक झाले तेव्हा विशीतच होते, 1997 ला 27 व्या वर्षी महापौर. शरद पवार 1967 ला आमदार झाले तेव्हा तिशीही आली नव्हती, 1978 ला मुख्यमंत्री झाले तेव्हा 38 पूर्ण नव्हते. दोघांचं राजकारण पटो न पटो, माझंही दोघांशी बऱ्याच बाबतीत जमत नाही, पण मेसेज फिरवणारे निम्मे एकाचे भक्त आणि निम्मे दुसऱ्याचे, आणि आपलाच माणूस आपल्याच नियमात बसत नाही हे कोणाच्या ध्यानात नाही. (शिवाजी महाराजांनी सोळाव्या वर्षी वगैरे मी लिहिणार नाही, तिथे मतदान नव्हतं, प्रत्येक वादात महाराजांना ओढू नका.)

फडणवीसांच्या घरी राजकारण होतं, वडील विधान परिषदेवर होते, हे मान्य. आणि तरुण चेहरा म्हणून आपल्याकडे जे येतात त्यातले बरेच कोणाचे तरी चिरंजीव नाहीतर कन्या असतात हेही मान्य. मेसेजमध्ये यावर एक ओळ असती तर मी स्वतः फॉरवर्ड केला असता.

आता भावनेच्या भरात म्हणे. बाप्पा! सभागृहात माइक ओढणारे, कागद फाडून उडवणारे टीव्हीवर बघता ना, त्यात विशीतले किती दिसतात? आत्ताच्या लोकसभेचं सरासरी वय 56 च्या आसपास आहे, म्हणजे देश पोट्ट्यांच्या हातात दिला कोणी हाच प्रश्न आहे. तरी मेसेजवाल्यांच्या बाजूचं त्यातल्या त्यात दमदार बोलणं मीच सांगते, 2023 ला संसदेच्या स्थायी समितीने निवडणूक लढवायचं वय 18 वर आणावं असं सुचवलं तेव्हा निवडणूक आयोग नाही म्हणाला, 18 च्या मुलांकडून तेवढ्या अनुभवाची आणि परिपक्वतेची अपेक्षा करणं वास्तवाला धरून नाही असं त्यांचं म्हणणं. ते मला बऱ्यापैकी पटतं. पण 18 आणि 40 मध्ये 22 वर्षांचं अंतर आहे हो.

"कोणीही त्यांना फिरवतं" हे तर बायकांबद्दलही असंच ऐकलंय. 73 व्या-74 व्या घटनादुरुस्तीने पंचायत-पालिकांत बायकांना एक तृतीयांश राखीव जागा आल्या तेव्हा हेच, 2011 ला महाराष्ट्रात 50 टक्के झाल्या तेव्हा परत हेच, यांना काय कळतं, नवरेच चालवतील. काही ठिकाणी चालवलंही, बॅनरवर नवऱ्याचाच फोटो मोठा. पण कित्येक बायका पहिल्या टर्मला गप्प बसल्या आणि दुसऱ्या टर्मला फाइल मागायला लागल्या. खुर्चीत बसल्याशिवाय खुर्चीचा अनुभव कुठून आणायचा, इतवारीच्या बाजारात किलोवर मिळतो का?

बाकी गॉगल लावून "भावी नगरसेवक"चे बॅनर टांगणारे, रील टाकणारे, त्यांना मीही मत देणार नाही, त्यात वयाचा संबंध नाही, त्यातले काही "युवा नेते" तर माझ्याहून मोठे आहेत.

राहिलं "आधी घर चालवून दाखवा". हा मेसेज फॅमिली ग्रुपवर ज्या काकांनी टाकला ते 23 व्या वर्षी मोहल्ल्याच्या गणेश मंडळाचे खजिनदार होते. वर्गणीचा हिशेब मोठ्यांनी मागितला नाही तरी दहाव्या दिवशी फळ्यावर लिहून लावला होता, हे ते दरवर्षी सांगतात, लग्न व्हायला तेव्हा अजून सहा वर्षं होती. ग्रुपवर मी एवढंच विचारलं, काका, फळा कोणी लिहिला होता? दोन निळ्या टिका आल्या आहेत, उत्तर अजून नाही.