उंदरांमुळे पोटाचा कॅन्सर? माझ्याच मेसेजचा खुलासा

‘उंदरांतून पोटाचा कॅन्सर पसरतो, संशोधनात सिद्ध’ हा मेसेज ऐरोलीच्या आपल्या सोसायटी ग्रुपवर परवा मीच टाकला. चूक झाली, तीही लॅबमध्ये नोकरी करून!

काल त्या मेसेजमधला फोटो मोठा करून पाहिला. तो प्रयोगशाळेतला बिनकेसांचा उंदीर आहे. त्याला थायमस ग्रंथी जवळपास नसतेच, त्यामुळे टी-पेशी (परक्या पेशींशी लढणाऱ्या प्रतिकारक पेशी) नीट तयार होत नाहीत आणि माणसाच्या कॅन्सरची गाठ त्याचं शरीर झिडकारत नाही. ती त्याच्या जठराच्या भिंतीत लावून यकृताकडे, पोटातल्या पडद्यावर कशी पसरते ते बघतात. म्हणजे कॅन्सर माणसाचा, उंदरात मुद्दाम नेलेला.

जठराच्या कॅन्सरचं मोठं कारण हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९९४ सालीच तसं जाहीर केलंय. पावसाळ्यात उंदरांमुळे लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या आजाराची) भीती मात्र खरी.

मेसेज कुठे पाठवला असेल तर तिथे हा खुलासाही टाका, आणि तो जुना मेसेज पुढे पाठवू नका.