पाव तिकीट, अख्खी पायरी

दर्यापूरकडच्या आमच्या गावात पावसाळ्यात काळी माती चपलेला धरते, तशीच तीनचाकी सायकलीच्या चाकालाही धरते. माझा चुलतभाऊ, लहानपणी पोलिओ झालेला, दहा-बारा पावलांवर थांबतो, सीटमागे खोचलेली तुराटी काढतो आणि चाक न् मडगार्डमधला चिखल खरवडतो. एसटीचा थांबा जेमतेम अर्धा किलोमीटर, पण तिथं पोचेस्तोवर दंड भरून येतात.

तिकिटात त्याला ७५ टक्के सूट आहे. पायरीत नाही.

मी इंग्लंडात, लीड्समध्ये राहतो. इथली बस थांब्यावर एका अंगाला झुकते, ड्रायव्हर रॅम्प टाकतो, चाकाची खुर्ची सरळ आत जाते. हे चांगुलपणानं आलेलं नाही, बरं का. २०१२ मध्ये याच भागात बाबागाडीवाली बाई जागा सोडेना म्हणून चाकाच्या खुर्चीवरच्या एका माणसाला लीड्सची बस सोडून द्यावी लागली. तो पार इथल्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. ड्रायव्हरनं नुसती विनंती करून गप्प बसणं पुरेसं नाही, असं २०१७ मध्ये कोर्टानं सांगितलं. बाबागाडीवाल्याला खाली उतरवाच, असं मात्र नाही सांगितलं.

गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या जूनमध्ये, मोझरीला बच्चू कडूंचं अन्नत्याग आंदोलन चालू होतं. दिव्यांगांना महिना सहा हजार द्या, ही त्यातली एक मागणी. त्याच महिन्यात इथं ब्रिटनमध्ये सरकार अपंगांच्या भत्त्याचे नियम आवळायला निघालं होतं. कमरेखाली अंग धुवायला मदत लागली तर दोन गुण, खांद्यापासून कमरेपर्यंत लागली तर चार, आणि एका तरी कामात चार गुण नसतील तर रोजच्या गरजांचा भत्ता नाही! स्वपक्षाचेच खासदार उलटल्यावर जुलैत ते कलम मागं घेतलं. श्रीमंत देशातही माणसाचं अंग असं फूटपट्टीनं मोजतात, हे गावाकडच्या मित्रांना पटत नाही. त्यांना वाटतं, इथं सगळं आयतं आहे.

आपल्याकडे पुढे त्याच वर्षी निराधार योजनेत दिव्यांगांचे महिना दीड हजाराचे अडीच हजार झाले. चांगलंच झालं, आणखी वाढावेत. पण आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचा वाद कायम दोनच गोष्टींवर: रक्कम किती, आणि ‘अपंग’ म्हणायचं की ‘दिव्यांग’. दिव्यांगांच्या हक्कांचा २०१६ चा कायदा, त्याखालचे २०१७ चे नियम, त्यापुढच्या पाच वर्षांत सार्वजनिक इमारती सुगम करायची मुदत, ती २०२२ लाच सरली, यावर एकही मेसेज नाही. ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातला पाच टक्के दिव्यांगांसाठीचा निधी निघतो तोही कसा? एक कार्यक्रम, एक फोटो, वस्तूंचं वाटप. त्यातून भावाच्या दारापासून थांब्यापर्यंतची चिखलाची वाट पक्की करा, असं ग्रामसभेत कुणीच म्हणत नाही. खरं तर तोही म्हणत नाही. ग्रामसभा भरते त्या ओट्याला पाच पायऱ्या आहेत.

आणि वाढलेले अडीच हजार हाती यायला आधी अंगठा लागतो. सायकलीचा दांडा हातानं फिरवून फिरवून त्याच्या बोटांवरच्या रेषा गुळगुळीत झाल्यात, मशीन ओळखत नाही. “बोटं धून ये,” मशीनवाले म्हणाले. धुऊन आला. “उद्या ये,” म्हणाले. त्यांच्या लेखी उद्या म्हणजे एक दिवस; त्याच्या लेखी पुन्हा तो चिखल.

दिवाळीत गेलो तेव्हा त्याला मी रकमेचं विचारत बसलो. तो वैतागला. “पैशाचं राहू दे बे. मोटारीची पायरी पाह्य किती उंच हाये.”

दुसऱ्या दिवशी त्याच्यासोबत निघालो. एसटी आली. मी, कंडक्टर आणि एक पोरगा, तिघांनी त्याला उचललं. आपल्याकडे हात लावायला माणसं मिळतात, इथं लीड्समध्ये तशी मिळणार नाहीत, असं मी मनाशी म्हणतच होतो, तोवर त्यानं वर गेलेला शर्ट खाली ओढला आणि कुणाकडेही न पाहता कार्ड पुढं केलं.

सायकल थांब्यावरच राहिली. दर्यापुरात उतरल्यावर पुढं कसं जातोस, विचारलं.

“सरकत,” तो म्हणाला.