वाघाची भिंत बांधताना टेप आणू नका

अभिनंदन! प्राणीसंग्रहालयातल्या नव्या वाघघराचं काम तुमच्याकडे आलंय म्हणे. आता चार जाणते लोक येऊन सांगतील, आधी जनावर समजून घ्या. त्यांना चहा पाजा आणि वाटेला लावा. वाघ ना मतदान करतो, ना माहितीच्या अधिकारात अर्ज. उद्घाटनाला येणाऱ्या साहेबांच्या फोटोत मागे वाघ नीट दिसला पाहिजे, एवढंच पाहा. भिंत जितकी उंच तितका फोटो बिघडतो, हे कंत्राटदारालाही कळतं.

हा धंदा अवघड करून ठेवला तो कार्ल हागेनबेक या जर्मन गृहस्थाने. प्राण्यांचा मोठा व्यापारी. १९०७ साली हॅम्बुर्गजवळ स्टेलिंगेनला त्याने गजांचे पिंजरे बाजूला सारले आणि सिंह व प्रेक्षक यांच्यामध्ये नुसता खंदक ठेवला. लोक थक्क झाले. पण त्याआधी या माणसाने आपल्याच जनावरांना उड्या मारायला लावून कोणाची झेप किती, ते मोजलं होतं. आधी मोजमाप आणि मग बांधकाम! अशाने मार्चअखेरचा निधी खर्च कधी व्हायचा?

योग्य क्रम शिकायचा तर सॅन फ्रान्सिस्कोकडून शिका. तिथलं वाघाचं आवार १९४०चं. भिंत मजबूत, दिसायला झकास, आणि सगळ्यांचा तिच्यावर विश्वास. २००७च्या नाताळच्या दिवशी तातियाना नावाची सैबेरियन वाघीण ती भिंत चढून बाहेर आली. एक सतरा वर्षांचा मुलगा गेला, दोघे जखमी झाले, वाघिणीला पोलिसांनी गोळ्या घातल्या. संचालकांनी आधी सांगितलं, भिंत अठरा फुटांची आहे. मग कोणीतरी टेप लावला. भरली बारा फूट पाच इंच. तिथल्या प्राणीसंग्रहालयांच्या संघटनेची शिफारस होती सोळा फूट चार इंचांची, आणि त्याच संघटनेच्या तपासणीतून हे आवार सुखरूप पार पडलेलं होतं. इतकी वर्षं तो आकडा कागदावर अठरा फूट उंच उभा होता आणि एकाही माणसाने त्याला हात लावला नाही. मोजणी केली ती वाघिणीने. तिच्या मागच्या पंज्यांत काँक्रीटचा चुरा सापडला.

तात्पर्य, टेप कपाटात ठेवा. काही घडलं तर चौकशी समिती स्वतःचा घेऊन येईलच.

कठड्याचंही तसंच. जनावर बाहेर येऊ नये म्हणून खणलेला खंदक माणसाला आत जायला मात्र मनाई करत नाही, ही गोष्ट नकाशावर दिसत नाही, म्हणून ती नाहीच असं धरून चाला. सिनसिनाटीत गोरिलांच्या आवाराचा कठडा होता तीन फुटांचा. अडतीस वर्षं काही झालं नाही, म्हणजे तो उत्तम असणारच. मे २०१६मध्ये तीन वर्षांचं एक पोर त्यातून पलीकडे गेलं आणि खंदकात पडलं. पोर वाचलं, हराम्बे नावाच्या गोरिलाला गोळी घालावी लागली. नंतर नवा कठडा आला, साडेतीन फुटांचा, खाली दोरखंडाची जाळी लावलेला. ती जाळी आदल्या वर्षी लावली असती तर फाइलवर कारण काय लिहिणार होता? २०१४ साली दिल्लीत पांढऱ्या वाघाच्या खंदकात एक तरुण पडला, तेव्हा वर जमलेल्यांपैकी काहींनी वाघाला दगड मारले आणि काहींनी मोबाइल उंच धरले. तो तरुण वाचला नाही. प्रेक्षक गडबडला तर काय करतो, याचा विचारही आराखड्यात करू नका. प्रेक्षक सुजाण असतो, असं तिकिटामागे छापून द्या.

आता माकडवर्गाकडे वळू. ओरांगउटान हा सुस्त, लोळणारा प्राणी आहे, अशीच समजूत ठेवा. सॅन दिएगोचा केन ॲलन १९८५मध्ये पुन्हा पुन्हा भिंतीवरून बाहेर पडायचा आणि शांतपणे इतर प्राणी बघत हिंडायचा. पाळत ठेवायला कीपर पर्यटकांच्या वेशात उभे केले, शेवटी गिर्यारोहक बोलावून भिंतीत बोट अडकेल अशी प्रत्येक खाच शोधून घेतली. ओमाहाच्या फू मांचूने तर १९६८मध्ये तारेच्या तुकड्याने कडी उघडायची विद्या साधली होती. काम झालं की तार ओठाआड लपवायचा. वरिष्ठांनी पहिल्यांदा काय केलं असेल? दार उघडं टाकलं म्हणून कर्मचाऱ्यांना नोकरीवरून काढायची तंबी दिली. ही पद्धत मात्र जशीच्या तशी उचला. सगळ्यात स्वस्त सुरक्षाव्यवस्था म्हणजे रोजंदारीवरचा कीपर. एकामागे एक दोन दारं, पहिलं लागल्याशिवाय दुसरं उघडत नाही, असली चैन त्याला कशाला?

हत्तीसाठी विजेची तार पुरे. हस्तिदंतातून वीज जात नाही हे हत्तीला कोण सांगणार? (जंगलातल्या हत्तींना कोणी सांगितलं, हे विचारू नका. ते सुळ्याने किंवा लाकडाच्या ओंडक्याने कुंपण पाडतात आणि शेतात येतात.)

आणि आपल्याकडे? पुण्यात कात्रजच्या प्राणीसंग्रहालयात मार्च २०२४मध्ये बिबट्या पिंजऱ्याबाहेर पडला आणि त्याला आवारातच हुडकावं लागलं. शहराच्या नशिबाने तो लांब गेला नाही. हे नशीब तुमच्या अंदाजपत्रकात स्वतंत्र बाब म्हणून दाखवा. राणीबागेत आता वाघ काचेतून दिसतो. काच महाग पडते, आणि शिवाय ती पुसावी लागते: खाली पोरांच्या नाकांचे ठसे, वर मोठ्या माणसांच्या बोटांचे, कारण वाघ झोपलेला असला की टकटक करून त्याला उठवणं हा तिकिटाचा हक्क समजला जातो.

राहता राहिली कठड्यापुढे हात घालणारी मंडळी. त्यांची सोय अलास्काने करून ठेवली आहे. अँकरेजच्या प्राणीसंग्रहालयात १९९४ साली बिंकी नावाच्या ध्रुवीय अस्वलाचा जवळून फोटो हवा म्हणून एक पर्यटक बाई दोन कठडे ओलांडून पिंजऱ्याला भिडल्या. अस्वलाने पाय धरला. बाई जखमी झाल्या पण सुटल्या. त्यांचा बूट बिंकी तोंडात धरून मिरवत राहिला. गावाने अस्वलाची बाजू घेतली आणि ‘ही निसटली, आणखी एक पर्यटक पाठवा’ अशा अर्थाचे टी-शर्ट विकले गेले. तेव्हा तिसऱ्या कठड्याचा खर्च वाचवा आणि टी-शर्टची निविदा बांधकामाच्या निविदेसोबतच काढून टाका.